‘बिनशर्त’ प्रवेश : तिथला आणि इथला

(मंडळाच्या गणेशोत्सवात ‘सभासदांचं मनोगत’ या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही व्याख्याते नाही. राज्य शासनाच्या बांधकाम खात्यात उपयंत्री आहोत, डिप्लोमाधारक. आमचं लिखाण म्हणजे मोजमाप पुस्तिका आणि टिपणी. कार्यवाह म्हणाले, दोन वर्षांपूर्वी तुम्ही स्कॉटलंडला जाऊन आलात, त्यावर बोला. किल्ले आणि तळी यांचे फोटो सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर पाहिलेले आहेत, म्हणून आज फक्त एका शब्दावर बोलतो. तो शब्द आहे ‘बिनशर्त’. आणि ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. यातलं निम्मं आमच्या सौभाग्यवतींचं आहे, त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि चुकलो तर तिथूनच खूण करणार आहेत.

ज्याच्यापुढे आपण जमलो आहोत, त्यानेही एकदा अट घातली होती. व्यासांनी महाभारत लिहून घ्यायला गणपतीला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, सांगताना थांबलात तर माझी लेखणी खाली. व्यासांनी उलट अट घातली की, अर्थ कळल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही. पण दोघांनी अटी आधी बोलून घेतल्या आणि मग काम सुरू केलं. आजचं आमचं म्हणणं या ‘आधी’बद्दलच आहे.

आमचे मेहुणे २०१२ पासून ॲबर्डीनला असतात. ॲबर्डीन म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर-पूर्व किनाऱ्यावरचं ग्रॅनाइटचं शहर. ते समुद्रातल्या तेलाच्या धंद्यात आहेत. त्यांची मुलगी, म्हणजे आमची भाची, आणि आमचा मुलगा एकाच वयाचे, तीन महिन्यांचा फरक. ८ ऑगस्ट २०२३, मंगळवार. आम्ही कार्यालयात डबा उघडत होतो, तेवढ्यात मेहुण्यांचा फोन आला. “भावोजी, पोरीचा निकाल लागला. चार ‘ए’, एक ‘बी’.” तिकडे सकाळचे आठ वाजले होते, मोबाइलवर निकालाचा मेसेज आला होता. आम्ही अभिनंदन केलं आणि विचारलं, आता ॲडमिशन कुठे? ते हसले. “ॲडमिशन पुढच्या वर्षी. अजून एक वर्ष शाळा आहे. अर्ज आता करायचा.”

आम्हाला हे कळलंच नाही. निकाल लागला, आणि अर्ज आता? आपल्याकडे निकालाच्या आधीच अर्ज, परीक्षा, दुसरी परीक्षा, आणि निकालानंतर धावपळ. हा उलटा क्रम काय आहे, हे त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खात्याची परदेश प्रवासाची परवानगी काढून आम्ही उभयता तिकडे गेलो तेव्हा समजलं. भाचीनेच जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन आम्हाला शिकवलं.

स्कॉटलंडची शाळा इंग्लंडहून वेगळी. माध्यमिक शाळेची सहा वर्षं. चौथ्या वर्षी, म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी, ‘नॅशनल फाइव्ह’ची परीक्षा. ती आपल्या दहावीसारखी समजा. पाचव्या वर्षी ‘हायर’. साधारण पाच विषय घेतात. आमच्या भाचीचे होते इंग्रजी, गणित, भौतिक, रसायन आणि भूगोल. परीक्षा एप्रिलअखेर ते मेअखेर, निकाल ऑगस्टच्या सुरुवातीला. ही हायरची परीक्षा फार जुनी, १८८८ पासूनची. तिथल्या विद्यापीठांच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळतो तो मुख्यतः या हायरवर, आणि तिथली ऑनर्सची पदवी असते चार वर्षांची. म्हणून सतराव्या वर्षी पाच हायर हातात असलेलं मूल थेट विद्यापीठात जाऊ शकतं. पण बरीच मुलं सहाव्या वर्षालाही शाळेत राहतात. ‘ॲडव्हान्स्ड हायर’ म्हणून एक-दोन-तीन विषय जास्त खोल करतात, किंवा एखादा हायर राहिला असेल, कमी आला असेल, तर तो करतात.

विद्यापीठाचा अर्ज करायचा तो या सहाव्या वर्षी. सगळ्या ब्रिटनसाठी एकच संस्था, ‘यूकास’. एका अर्जात पाच ठिकाणं लिहायची. वैद्यकीय, दंतवैद्यक, पशुवैद्यक आणि ऑक्सफर्ड-केंब्रिज यांची मुदत १५ ऑक्टोबर किंवा त्याच्या आसपास, बाकीच्यांची जानेवारीत. आता बघा गंमत. अर्ज भरताना स्कॉटलंडच्या मुलाच्या हातात हायरचे निकाल छापील आहेत. विद्यापीठाला आणखी कशाची वाट पाहायची नसते. त्याने मागितलेले गुण आधीच मिळालेले असतील, तर ते लिहून देतं की, ये, तुझी जागा पक्की. हीच ती ‘अनकंडिशनल ऑफर’.

इंग्लंडच्या मुलाचं तसं नाही. त्याची ए-लेव्हलची परीक्षा शाळेच्या अगदी शेवटी, निकाल ऑगस्टच्या मध्यावर, आणि सप्टेंबरअखेर विद्यापीठ सुरू. अर्ज मात्र आधीच्या हिवाळ्यात. त्यामुळे शिक्षक अंदाजाने गुण लिहून देतात आणि विद्यापीठ अट घालतं की, अमुक श्रेणी आली तर जागा तुझी. ते मूल एक ठिकाण पक्कं धरतं, एक जरा सोपं ठिकाण राखीव ठेवतं, आणि ऑगस्टपर्यंत देवाचं नाव घेतं.

आम्ही तिथे असताना, दिवाळीच्या दोनच दिवस आधी, भाचीच्या फोनवर पहिली ऑफर आली. ग्लासगोच्या एका विद्यापीठाची, सिव्हिल इंजिनिअरिंगची, बिनशर्त. सौभाग्यवती करंज्या तळत होत्या. भाचीने येऊन सांगितलं, “आत्या, मला मिळालं.” एवढंच. कुठे पेढे नाहीत, फटाके नाहीत. तिने फोन खिशात टाकला आणि करंजी उचलली. आम्ही मात्र त्या रात्री झोपलो नाही. कारण त्याच वेळी इंदूरला आमचा मुलगा आजीजवळ राहून बारावीचा आणि जेईईचा अभ्यास करत होता, आणि त्याला फोनवर ही बातमी आम्हीच उत्साहाने सांगितली होती. तो म्हणाला, “छान आहे.” मग थोडं थांबून म्हणाला, “बाबा, तिला आत्ताच कळलं?”

त्या प्रश्नाने आमच्या घरातली एक जुनी गोष्ट वर आली. ती इथे बऱ्याच जणांना माहीत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी पॉलिटेक्निकमधून आम्ही तिघे मित्र डिप्लोमा करून बाहेर पडत होतो. तिघांनाही डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला तात्पुरता प्रवेश मिळाला होता. अट एकच, शेवटच्या सत्राची गुणपत्रिका अमुक तारखेपर्यंत जमा करावी. परीक्षा आम्ही दिलेली होती, पेपर चांगले गेले होते. निकालच लागला नाही. आम्ही रोज सायकलवर जाऊन फलक पाहायचो. तारीख आली, गेली. खिडकीवरच्या बाबूंनी शांतपणे सांगितलं, अट पूर्ण नाही, जागा पुढच्याला गेली. एकोणीस दिवसांनी निकाल लागला. तिघेही प्रथम श्रेणीत. एक मित्र वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसला, एक गुजरातला गेला, आम्ही पुढच्या वर्षी नोकरीला लागलो. नोकरीने आम्हाला सगळं दिलं, रडगाणं गात नाही. पण पदोन्नतीची यादी लागते तेव्हा तो एकोणिसावा दिवस आठवतो. आमच्यात गुणवत्ता कमी नव्हती. फक्त क्रम चुकला होता. आधी जागा, मग निकाल.

म्हणून भाचीच्या फोनवरचा तो ‘बिनशर्त’ शब्द आम्हाला सोन्यासारखा वाटला. आम्ही मेहुण्यांना म्हणालो, “काय देश आहे! अटच नाही!” तेव्हा भाचीने आम्हाला दुरुस्त केलं. म्हणाली, “आतोबा, अट होती ना. मी ती मे महिन्यात पूर्ण केली.”

मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. बिनशर्त म्हणजे अट नव्हती असं नाही. अट आधी होती, सगळ्यांना माहीत होती, आणि ती पूर्ण झाल्याचा कागद हातात आल्यावरच अर्ज झाला. आणि सगळ्याच ऑफर अशा नसतात. भाचीला पाचपैकी दोन बिनशर्त आल्या. एका ठिकाणी त्यांनी ॲडव्हान्स्ड हायर गणिताची अट घातली, एकाने नाही म्हटलं, आणि एकाचं उत्तर मार्चपर्यंत आलं नाही. जिथे चुरस जास्त तिथे हात आखडताच असतो. पाचव्या वर्षी ज्याचे गुण कमी पडले, त्यालाही सहाव्या वर्षी सशर्त ऑफर मिळते आणि दुसरी संधी मिळते. शिवाय गरीब वस्तीतल्या मुलांसाठी तिथली विद्यापीठं गुणांची अट थोडी खाली आणतात. २०३० पर्यंत पहिल्या वर्षाच्या पाचातलं एक मूल सर्वांत मागास अशा २० टक्के वस्त्यांतून यावं, असं तिथल्या सरकारचं लक्ष्य आहे.

हाच शब्द इंग्लंडमध्ये मात्र बदनाम झाला. तिथे विद्यार्थी ओढण्यासाठी विद्यापीठं परीक्षेच्या आधीच बिनशर्त ऑफर वाटू लागली. २०१३ मध्ये अशा ऑफर ३ हजारांच्या आसपास होत्या, २०१८ मध्ये जवळजवळ ६८ हजार. काहींनी तर सांगितलं, आम्हाला पहिली पसंती दे, तर अट काढतो. मुलांनी अभ्यास सैल सोडला. शेवटी २०२० मध्ये नियामकाने अशा ऑफरवर तात्पुरती बंदी घातली. म्हणजे शब्द एकच, पण एकीकडे कमावलेला आणि दुसरीकडे गळाला लावलेला. आपल्याकडेही बारावीच्या आधी ‘सीट बुक करा’ असे फोन येतात. तो कुठला प्रकार, हे तुम्ही ओळखालच.

आता आमच्या भाचीचं पुढचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल तिकडे सगळं गोडच. बिनशर्त ऑफर हातात आल्यावर बाईसाहेब थंडावल्या. ॲडव्हान्स्ड हायर गणिताचा वर्ग बुडवायला लागल्या. मेहुणे रागावले की उत्तर ठरलेलं. “बाबा, जागा पक्की आहे.” पक्की होतीच, कुणी काढून घेतली नाही. पण गणितात कशीबशी ‘सी’ आली, आणि विद्यापीठात पहिल्याच सत्रात शेजारी बसलेल्या मुलांना येतं ते हिला येईना. डिसेंबरमध्ये रडत फोन केला तो आत्याला, आईला नाही. सौभाग्यवतींनी तिला आमच्या मुलाबरोबर व्हिडिओ कॉलवर बसवलं. जेईईच्या तयारीने आमच्या मुलाची झोप गेली होती, पण कॅल्क्युलस पक्कं झालं होतं. दोन महिने दर रविवारी त्याने तिला शिकवलं. देणं-घेणं असं फिटलं.

दुसरी गोष्ट पैशांची. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या पात्र विद्यार्थ्याचं शिक्षण शुल्क, वर्षाला १,८२० पौंड, तिथलं सरकार थेट विद्यापीठाला भरतं. घरच्यांना ते पडत नाही, मात्र दरवर्षी अर्ज करावा लागतो. त्याच विद्यापीठात इंग्लंडहून आलेल्या मुलाला २०२४-२५ मध्ये वर्षाला ९,२५० पौंडांपर्यंत शुल्क होतं, आणि परदेशी विद्यार्थ्याला त्याहूनही कितीतरी जास्त. भाचीच्या वर्गात एक तेलुगू मुलगा होता, हिच्याहून हुशार. त्यालाही बिनशर्त ऑफर आली. पण त्याचे आईवडील दोनच वर्षांपूर्वी तिकडे आले होते, तीन वर्षांच्या वास्तव्याची अट पूर्ण होत नव्हती. म्हणून शुल्क परदेशी विद्यार्थ्याचं. ऑफर बिनशर्त, आणि तरी दार बंद. तो एका तेलाच्या कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. त्याच्या वडिलांना आम्ही दिवाळीच्या फराळाला भेटलो होतो. ते एकच म्हणाले, “कोणी आधी सांगितलं असतं तर एक वर्ष आधी आलो असतो.”

तेव्हा इथून ज्यांची मुलं तिकडे अर्ज करत आहेत, आणि आपल्या मंडळात अशी दोन-तीन घरं आहेत, त्यांना आमचं हात जोडून सांगणं आहे. ऑफरच्या पत्रावर काय लिहिलं आहे ते पूर्ण वाचा. बारावीचा निकाल यायचा असेल तर तुमची ऑफर सशर्तच असणार. निकाल, इंग्रजीची परीक्षा, मूळ कागद, सगळं पोचल्यावर ती बिनशर्त होते, आणि साधारणपणे त्यानंतरच व्हिसासाठी लागणारं पत्र विद्यापीठ देतं. आणि बिनशर्त झाली तरी शुल्क, अनामत, व्हिसा यांच्या अटी वेगळ्या उभ्या असतातच. पत्र हातात आलं की तीन प्रश्न विचारा. कोणती अट पूर्ण झाली? कोणती राहिली? आणि पैसे कोण, किती भरणार? एजंट पहिल्या प्रश्नाचं उत्तर हसत देतो. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी त्याला बसवून ठेवा.

आता इथलं. आमच्या मुलाची २०२४ ची जानेवारी ते जून आम्हाला विसरता येत नाही. आधी जेईई, मग बारावी, मग पुन्हा जेईई. जेईईत क्रमांक चांगला आला तरी एनआयटीसाठी बारावीत ७५ टक्के हवेत किंवा बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये नाव हवं, म्हणजे अटीवर अट. एका रात्री तीन वाजता तो गच्चीवर उभा दिसला. नुसता उभा. आम्ही दोघं जाऊन शेजारी उभे राहिलो. काय बोलावं सुचेना. सौभाग्यवती म्हणाल्या, “अरे, निकाल काही येऊ दे, तू सकाळी पोहे खायला खालीच येणार आहेस ना?” तो हसला आणि मग बराच वेळ रडला. त्या दिवसापासून घरात ‘किती येतील’ हा प्रश्न आम्ही बंद केला. तो आधीच बंद करायला हवा होता, ही चूक आमची.

त्याला राज्याच्या समुपदेशनातून इथल्याच एका महाविद्यालयात सिव्हिल मिळालं. तिथेही इतिहास पुन्हा घडणार होता. समग्र आयडीत नाव एक, गुणपत्रिकेवर आडनावाचं स्पेलिंग दुसरं. तात्पुरता प्रवेश, तीन दिवसांत दुरुस्ती करून आणा. आम्ही सरकारी माणूस, कुठल्या टेबलावर जायचं ते माहीत, रजा टाकून लोकसेवा केंद्र गाठलं, तिसऱ्या दिवशी चारला कागद जमा केला. पण त्याच रांगेत आपल्या मंडळाच्या महाप्रसादाला दरवर्षी स्वयंपाक करणाऱ्या मावशींची नात होती. तिला मुलापेक्षा जास्त गुण. उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा निघाला. तिला कुठल्या टेबलावर जायचं ते माहीत नव्हतं, आणि आम्ही आमच्या कागदात इतके बुडालो होतो की तिच्याकडे पाहिलंच नाही. तिची ती जागा गेली. वर्षभर थांबून यंदा तिने दुसरीकडे प्रवेश घेतला. आज ती इथे स्वयंसेवक म्हणून प्रसाद वाटते आहे. तिची परवानगी घेऊनच हे सांगतो आहोत.

पंचवीस वर्षांपूर्वी आम्हाला बाबूंचा राग आला होता. परवा त्या रांगेत आम्हीच ते बाबू होतो.

स्कॉटलंडसारखा क्रम आपल्याला इथे बदलता येणार नाही. ते काम मोठ्या लोकांचं आहे. पण निम्म्या अटी गुणांच्या नसतात, कागदांच्या असतात, आणि कागदांच्या अटी आधी पूर्ण करता येतात. मूळ निवासी, उत्पन्न, जात, समग्र आयडी, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं स्पेलिंग. हे सगळं बारावीच्या परीक्षेच्या आधी, डिसेंबरात तपासता येतं. फक्त जे दाखले चालू आर्थिक वर्षाचे लागतात, ते एप्रिलनंतर लगेच काढायचे.

म्हणून मंडळापुढे एक विनंती ठेवतो. डिसेंबरपासून जूनपर्यंत दर रविवारी सकाळी दहा ते बारा, मंडळाच्या या सभागृहात एक टेबल आणि दोन खुर्च्या द्याव्यात. दहावी-बारावीचं कुठलंही मूल, मराठी असो की नसो, सभासदाचं असो की नसो, कागदांची फाइल घेऊन यावं. आम्ही उभयता बसू. स्वयंपाकाच्या मावशींच्या नातीने तिसरी खुर्ची स्वतःहून मागितली आहे, तिला या कामातलं आमच्यापेक्षा जास्त कळतं. निवृत्त मंडळींपैकी ज्यांनी तहसील, बँक, शाळा इथे आयुष्य काढलं, त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. फी काही नाही. चहा मंडळाचा.

अध्यक्षसाहेब, यालाही कार्यकारिणीच्या ठरावाची अट आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. ती आज आरतीनंतर पूर्ण करून घ्यावी, म्हणजे डिसेंबरात आम्हाला थांबावं लागणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!